पाच नंबरचं भांडण

हल्ली संगणकाला काहीही जोडा, जोडल्याबरोबर ते चालायला लागतं, याचा मला मनापासून राग येतो. परवा माझी लेक बाजारातून कसलासा छोटा डबा घेऊन आली, त्याचं शेपूट संगणकाच्या भोकात घातलं आणि डबा गाऊ लागला. मी म्हटलं, "एवढंच?" ती म्हणाली, "मग आणखी काय करायचं असतं?" आता हिला काय सांगू! आणखी काय करायचं असतं ते आमच्या डिचोलीच्या घराने चवथीपासून दिवाळीपर्यंत केलेलं आहे. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाशी धड बोललं नाही, जेवणं गार झाली, बाबा आणि मामा एकमेकांचं तोंड बघेनासे झाले आणि मी संगणकाच्या पेटीचे स्क्रू काढून लावून जेरीला आले. सगळं कशापायी, तर पेटीत बसलेल्या दोन कार्डांना एकच नंबर हवा होता आणि दोघांतलं एकही हटत नव्हतं.

आमचं घर म्हणजे पुढे बाबांचा छापखाना आणि मागे आम्ही. समोरच्या रस्त्याने खाणीवरचे ट्रक जात, दिवसभर, एकामागून एक, आणि त्यांच्या मागे तांबडी धूळ उठे. ती धूळ सगळ्यात होती. खिडकीच्या गजांवर, धुतलेल्या कपड्यांवर, बाबांच्या पांढऱ्या मिशीत. आई सकाळी पाववाल्या पोदेराच्या भोंग्याचा आवाज आला की पाव घ्यायला बाहेर जाई आणि आत येताना ते पदराखाली झाकून आणी. पावावर धूळ नको म्हणून पदर, आणि पदरावर धूळ आहेच, हे मी तिला सांगितलं की ती म्हणे, "तूं चड शिकलां." म्हणजे फारच शिकलीस. बाबांनी आयुष्यभर छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, नाटकाच्या जाहिराती. ट्रेडल यंत्राचा खडक-फट्ट असा आवाज आला नाही तर मला अभ्यास सुचत नसे. मग खिळे झिजले, नवे मिळेनात, आणि ज्या बाबांनी तोवर मिक्सरसुद्धा घरात येऊ दिला नव्हता त्यांनी एक दिवस संगणक आणला. तो शिकायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी नुकतीच कॉलेज संपवून घरात बसले होते, आणि आमच्याकडे रिकामं माणूस कुणाला बघवत नाही.

त्या काळच्या संगणकाला जन्मतः फक्त इंग्रजी येत असे. त्याच्या पोटात एक हातभर लांबीचं कार्ड बसवलं की त्याला देवनागरी येई. बाबांचा सगळा जीव त्या कार्डात. पहिला संगणक लाईटच्या एका झटक्यात जळाला तेव्हा त्यांनी विचारलं ते एवढंच, "अक्षरां वांचलीं मगो?" वाचली होती. म्हापशाहून नवा संगणक आला आणि त्यात ते जुनं कार्ड बसलं. नव्या संगणकाला कार्डाशिवायही देवनागरी येते, एवढं एक सॉफ्टवेअर घ्या, असं दुकानदाराने सांगून पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गप्प पिशवी बांधून दिली. आमचं सगळं जुनं काम त्या कार्डाच्या अक्षरांत होतं हे खरं, पण खरं कारण ते नव्हे. एकदा घरात आलेली वस्तू बाबा काढत नसत. आमच्याकडे तीन पायांची दोन टेबलं होती.

आता वसंतमामा. आईचा धाकटा भाऊ, पेडण्याकडे हळर्णला राही, शाळामास्तर. दर शनिवारी बसने येई आणि येताना कणगां म्हणतात ते कंद, नाहीतर भोपळा, नाहीतर निदान अळू तरी पिशवीतून आणी. मामा कट्टर कोंकणीवाला आणि बाबा कट्टर मराठीवाले. भाषेचं आंदोलन होऊन गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती, बाहेर लोकांनी ते भांडण बऱ्यापैकी मिटवलं होतं, पण आमच्या ओट्यावर ते दर शनिवारी ताजं होई. त्यात वैताग आणणारी गोष्ट अशी, की बाबा मराठीची बाजू कोंकणीतून मांडत. राग आला की तर शुद्ध कोंकणीतून. आणि मामा, जो म्हणे की मराठी ही आमची भास न्हय, तो संध्याकाळी बाजाची पेटी पुढ्यात ओढून मराठी अभंग म्हणू लागला की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येई. मी एकदा दोघांना हे सांगून पाहिलं. दोघांनीही मला एकदमच गप्प बसवलं. दोघांचं एकमत झालेलं मी तोवर तेवढं एकदाच पाहिलं होतं.

त्या वर्षी चवथीच्या आधी आईच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरांनी सांगितलं, तुळशीचं लग्न झालं की ऑपरेशन करू, घाबरायचं कारण नाही, फक्त आवाजाचं काही सांगता येत नाही. घोगरा होईल, बारीक होईल, कदाचित पूर्वीसारखा राहणार नाही. आई नुसती मान हलवून बाहेर आली आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "कांदे संपलेत." पण आमच्या घराचा धीर सुटला, कारण आईचा आवाज म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पौषात हळर्णच्या मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या अंगणात, बायका धालो घालतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एक रांग म्हणते, दुसरी उत्तर देते, आणि आई माहेरी जाऊन पहिल्या रांगेच्या टोकाला उभी राही. तिला किती गाणी येत होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. ती कुठे लिहिलेली नव्हती. तिच्या बरोबरीच्या दोघीतिघी गेल्या होत्या. आता हिचाही आवाज गेला तर सगळंच गेलं, ही धास्ती बाबांनाही बसली आणि मामालाही. ती सरळ बोलून दाखवायची तर दोघांनाही सवय नाही. मग दोघांनी ती संगणकावर काढली.

बाबा म्हणाले, पुस्तक करायचं. ती म्हणेल, सुलू टाईप करील, मी छापीन. सुलू म्हणजे मी. मामा म्हणाला, पुस्तकात घातलं की गाणं मेलं, आवाज धरून ठेवायचा. "भावजी, तीं कोंकणी गीतां, तीं गळ्यांत आसात, कागदार न्हय." त्यावर बाबा, "आवाज वाऱ्यार वता रे वसंता! अक्षर उरता!" हे अर्थात कोंकणीतून. टेपरेकॉर्डरवर धरा म्हणून मी सुचवलं, तर मामाने आपल्या कपाटातल्या टेपांना कशी बुरशी धरली ते सांगितलं. त्याने पणजीला कुठल्याशा प्रदर्शनात संगणक गाताना ऐकला होता आणि ते त्याच्या डोक्यात भरलं होतं. पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा पिशवीत कणगांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आवाजाचं कार्ड होतं. मुंबईला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मागवलेलं. सोबत मायक्रोफोन. कणगांची माती त्याला लागली होती ती मी जुन्या टूथब्रशने झाडली.

या पेटीच्या पोटात लांबट खाचा असतात, कार्ड त्यांत उभं रोवायचं. पण नुसतं रोवून भागत नसे. प्रत्येक कार्डाला आपला एक नंबर लागे. कार्डाला काही सांगायचं असलं की ते आपल्या नंबराची घंटी वाजवी, मग पेटीतल्या मेंदूला कळे की अमक्याचं आपल्याकडे काम आहे. दोघांनी एकच घंटी वाजवली की तो मेंदू कुणाकडे वळावं ते न कळून गोठे, नाहीतर भलतंच करू लागे. बाबांच्या कार्डाचा नंबर पाच. मामाचं कार्ड रोवून मी संगणक चालू केला, पडद्यावर नवीन पाहुणा आल्याची सूचना झळकली, मामाने टाळी वाजवली, संगणकाने एक टणत्कार काढला, आणि बाबांच्या अक्षरांची जागा चिनी दिसणाऱ्या रांगोळीने घेतली. मामाचं कार्ड काढलं, अक्षरं परत आली. परत घातलं, अक्षरं गेली. मामाच्या कार्डालाही पाचच हवा होता. बाबा म्हणाले, "पळय! कोंकणी आयली आनी मराठी गेली." मामा हसला नाही.

पुढचे कितीतरी दिवस मी काय केलं ते आठवलं की आजही कपाळावरची शीर उडते. प्रथम बाबांनी सांगितलं की बसण्याचा क्रम चुकतोय. आमच्या देवळात कुणाचा मान पहिला, कुणाचा नंतरचा, पालखीला कुणी कुठे उभं राहायचं हे सगळं ठरलेलं, आणि त्यात एक माणूस इकडचा तिकडे झाला तर उत्सव थांबतो. बाबांना वाटलं इथेही तसंच असणार. जुन्या कार्डाला पहिल्या खाचेत, मेंदूच्या जवळ बसव, ते वयाने मोठं आहे. बसवलं. काही होईना. मामा आला आणि म्हणाला, पाहुण्याला आधी पाट देतात, नव्याला पहिल्या खाचेत घाल. घातलं. काही होईना. मग एकाला अगदी या टोकाला, एकाला त्या टोकाला. मी दोघांना ओरडून सांगत होते की नंबर खाचेत नसतो, कार्डात असतो, कुठेही बसवलं तरी तो तोच राहतो. पण मानपानाच्या बाबतीत मुलीचं कोण ऐकतं! सगळ्या खाचा फिरून झाल्यावर बाबांनी निष्कर्ष काढला की खाचेत धूळ गेली असणार. ती तर होतीच. कार्डाच्या सोनेरी कडा खोडरबराने घासून पुसल्या, रबराच्या तांबड्या अळ्या झाडल्या. अक्षरं स्वच्छ झाली आणि आवाज आला की पूर्वीइतक्याच स्वच्छपणे गेली.

मग नंबर बदलायचं ठरलं. बाबांच्या कार्डावर पिनांच्या जोड्या होत्या आणि तूरडाळीच्या दाण्याएवढी एक काळी टोपी. ज्या जोडीवर टोपी घालाल तो नंबर. बाबांनी खिळे उचलायचा चिमटा आणला, श्वास रोखून टोपी उपटली आणि शेजारच्या जोडीवर बसवली. कार्डाला पाचाव्यतिरिक्त सात हा एकच नंबर चाले, आणि सातावर आधीच प्रिंटर बसलेला. आता आवाजही आला, अक्षरंही आली, पण छापायला दिलं की प्रिंटर अर्धी ओळ छापून लटपटून थांबे. छापखान्यातला प्रिंटर! बाबांनी टोपी परत पाचावर आणली. मग मामाच्या कार्डाचा नंबर बदल, असा हुकूम निघाला. मी ते उलटंपालटं करून बघितलं, त्यावर पिनाच नव्हत्या, टोपी नाही, काही नाही. ते नव्या पद्धतीचं होतं, आपला नंबर आपणच ठरवणारं. बाबा हताश होऊन म्हणाले, "ज्याला कानच नाहीत त्याचा कान पिळायचा कसा?" हे मात्र मराठीत म्हणाले.

या सगळ्यात आई काय करत होती? स्वयंपाक. खतखतें, सोलांची कढी, कुणी मागितली तर पेज. आम्ही पेटी उघडून बसलेलो असलो की ती दारातून डोकावे, "जालें?" असं विचारी, आणि मी "नाही" म्हटलं की "बरें" म्हणून आत जाई. त्या "बरें"कडे कुणी लक्ष दिलं नाही. गळ्याशी तिने पदर घट्ट ओढून घेतलेला असे. मला तिची दया येई आणि त्या दोघांचा संताप येई, आणि ज्या पेटीत माझं काही नव्हतं तिचे स्क्रू हरवले की बोलणी मात्र मला बसत. दिवाळी आली. बाबांनी रवळनाथाला नारळ बोलला, ही पेटी चालू दे. मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी मी पेटी कापडात बांधली आणि बसने म्हापशाला नेली, मांडीवर घेऊन, कारण कंडक्टर म्हणाला खाली ठेवलीस तर लोक पाय देणार. दुकान बंद. मिंगेल नावाचा जो तरुण तिथे दुरुस्ती करी तो जेवून झोपायला गेला होता आणि चार वाजल्याशिवाय येणार नव्हता. मी पायरीवर पेटी घेऊन बसले आणि समस्त बार्देस तालुक्याच्या दुपारच्या झोपेला शिव्या घातल्या. मिंगेल आला तो जांभया देतच. त्यानेही आधी कार्डांच्या खाचा बदलल्या! मी डोक्याला हात लावला. मग त्याने टोपी सातावर नेली, परत पाचावर आणली. मग बराच वेळ पडद्याकडे बघत दाढी खाजवली, आणि संगणक सुरू होता होता एक कळ दाबून एक निळा पडदा उघडला, जो मी जन्मात पाहिला नव्हता.

"पळय बाय," तो म्हणाला, "नवें कार्ड मशीन सुरू जालें काय आपलें नांव सांगता. हांव आयलां, म्हाका नंबर दी म्हणटा. तुजें पोरणें कार्ड कांयच उलयना. ओगी बसून रावता. मशिनीक दिसता पाचाची सुवात रिती आसा, आनी ती दुसऱ्याक दिता."

"म्हणजे जुनं गप्प बसतं म्हणून त्याची जागा जाते. मग आता?"

"आतां आमी सांगूंया." त्याने त्या निळ्या पडद्यावर पाच या आकड्यापुढे खूण केली, की ही जागा जुन्या कार्डासाठी राखून ठेवलेली आहे, कुणाला देऊ नये. झालं. संगणक पुन्हा सुरू केला. मामाच्या कार्डाने पाच मागितला, नाही म्हटल्यावर ते निमूट दहावर जाऊन बसलं. दहा नंबर रिकामाच होता. पहिल्या दिवसापासून रिकामा होता! मला तिथल्या तिथे पेटी उचलून म्हापशाच्या बाजारात आपटावीशी वाटली. मिंगेल मात्र मलाच विचारत होता, तुम्हाला एवढे दिवस कसे लागले.

घरी दोघं वाटच बघत होते. चालू करून दाखवलं. अक्षरं आली, आवाज आला, प्रिंटर पण चालला. मामा मायक्रोफोनपुढे बसला आणि आवाज नीट धरला जातो की नाही हे बघायला गायला, तर काय गायला? मराठी अभंग. बाबांनी अक्षरं तपासायला एक ओळ स्वतः बडवली, ती अशी: "वसंता, आतां चा घे." मी त्या दोघांकडे बघत राहिले. मग मामाने खुर्ची पुसली, बाबांनी पंखा बंद केला, आवाजात येईल म्हणून, आणि आईला हाक मारली. ती हात पुसत आली, खुर्चीत बसली, मायक्रोफोनकडे पाहिलं आणि पदर गळ्याशी घट्ट ओढून घेतला. मामा म्हणाला, "आका, म्हण." बाबा म्हणाले, "अगो, म्हण मगे, सगळें जालां."

"आई, काय झालं?" मी विचारलं.

"हांव हांगा म्हणचें ना," ती म्हणाली.

"का?"

"धालो मांडार म्हणपाचे. दादल्यांमुखार न्हय. आनी एकटीन कशे म्हणूं? समोरची रांग खंय आसा?"

पुरुषांसमोर नाही, आणि समोर रांग नसताना तर नाहीच. माझा बांध फुटला. मी ओरडलेच. एवढे दिवस आम्ही इथे मरतोय, मी पेटी मांडीवर घेऊन म्हापशाला गेले, हे आधी का नाही सांगितलंस?

"म्हाका कोणें विचारलें?" आई म्हणाली. "आनी तुमचें हें चलचेंच ना अशें म्हाका दिसलें. मागीर सांगून कित्याक दुखवूं?" जरा थांबून ती म्हणाली, "चलूं नये म्हणून हांवें पण देवाक नारळ सांगिल्लो."

बाबा पायरीवर जाऊन बसले. मामा त्यांच्याशेजारी. आमच्या कष्टांचं कुणाला काही नाही, अशा अर्थाचं काहीतरी दोघं एकमेकांना सांगत होते, आणि दोघांनाही ते पटत होतं. मी आत आईच्या मागे गेले. ती चुलीपुढे बसली होती. मी तिला फार वाईट बोलले. उद्या तुझा आवाज गेला तर काय करायचं, तुझा तो मांड आणि ती रांग घेऊन काय चाटायचं, असं म्हणाले. तेव्हा तिचे डोळे भरले. एवढ्या दिवसांत ती घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली. ती म्हणाली, "म्हाका ठावक आसा गो. तूं शीक. तूं शिकल्यार जाता."

यंत्राला चालत नाही आणि मला कसं चालतं, हे मी विचारलं. ती म्हणाली, तू बाईमाणूस आहेस. दुसऱ्या दिवसापासून मागच्या परसात, कुळथाच्या शेंगा निवडता निवडता, ती मला शिकवू लागली. आणि ही शिकवणी संगणकापेक्षा त्रासाची होती. ती मला समोरच्या रांगेच्या ओळी शिकवी, पहिल्या रांगेच्या नाही. सुरुवात टोकाच्या बाईची, ती तुझी नव्हे, तू उत्तर द्यायचं. मी चाल चुकले की ती हातातली शेंग माझ्याकडे फेकी. मी म्हणे, सगळं एकदम सांग, मी लिहून घेते. ती म्हणे, लिहिलेलं मांडावर कोण वाचणार? माझा गळा चांगला नाही हे तिने मला त्या दिवसांत इतक्यांदा सांगितलं की नंतर मला कुणी गा म्हटलेलं आवडेनासं झालं. बाबा दारात येऊन उभे राहिले की ती थांबे. ते नाराज होऊन परत जात. मामाने एकदा खिडकीआडून ऐकायचा प्रयत्न केला, तर तिने भावाचं नाव घेऊन त्याला अशी हाक मारली की तो थेट बसस्टँडवर जाऊन थांबला. तुळशीचं लग्न आलं तेव्हा मला जेमतेम थोडी गाणी आली होती. सगळी येणं शक्यच नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, उरलेली मागाहून.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. पण आवाज आला नाही. डॉक्टर म्हणत येईल, वाट बघा. ती ओठ हलवी, आतून वारा यावा तसं काहीतरी येई, आम्ही अंदाजाने मीठ की पाणी ते समजून घेत असू. बाबा आता भांडत नव्हते. मामा शनिवारी येई, कणगां ठेवी आणि बहिणीशेजारी नुसता बसून राही. घरात इतकी शांतता झाली की मला मराठी-कोंकणीचं भांडण हवंसं वाटू लागलं. संगणक चालू असे, दोन्ही कार्डं आपापल्या नंबरावर गुण्यागोविंदाने नांदत होती, आणि त्यांचं ते शहाणपण बघून माझ्या अंगाचा तिळपापड होई.

पौष आला तेव्हा आईने पिशवी भरली. मी म्हटलं, या वर्षी कशाला? तिने माझीही साडी पिशवीत कोंबली. हळर्णला मांड सारवलेला होता. बायका जमल्या, आईचा गळा बघून हळहळल्या, आणि तरी कुणी तिला बाजूला बस म्हणालं नाही. ती पहिल्या रांगेच्या टोकाला, आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मला समोरच्या रांगेत उभं केलं, बरोबर तिच्यासमोर. बाबा आणि मामा वर मामाच्या ओट्यावर, हाकलून दिल्यासारखे चहा पीत बसले होते. सगळ्या बायका आईने सुरू करायची वाट बघत होत्या. तिने सुरू केलं. म्हणजे ओठ हलले. तिच्या रांगेतल्या बायकांना काही ऐकू गेलं नसणार, पण मी समोर होते, मला ओठांवरून ओळ कळली, ती परसातल्या पहिल्या दिवसाची होती. ओळ संपली. आता उत्तर द्यायचं. माझ्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या, मी उत्तराची ओळ उचलली आणि घाबरून चाल अगदी खाली घेतली. पुढची ओळ आईची होती. तिने ती म्हटली नाही. तिने हात वर करून सगळा मांड थांबवला, माझ्याकडे तेच परसातलं वैतागलेलं तोंड केलं, आणि कुठूनतरी खोलवरून, गंजल्या बिजागरीसारखा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला.

"चुकलें! वयर घे!"

बायका आधी दचकल्या आणि मग हसत सुटल्या. कुणीतरी आईच्या पाठीवरून हात फिरवला. ओट्यावर मामा उभा राहिलेला मला दिसला, आणि बाबांच्या हातातली बशी खाली पडल्याचा आवाज आला. आईला स्वतःला तो आवाज ऐकून काय वाटलं ते मला समजलं नाही, कारण ती माझ्यावर रागावण्यात गुंतली होती. मी रडत होते, आणि रडताना चाल आणखीच खाली जाते. तिने पुन्हा हात हलवला, म्हणजे पहिल्यापासून. मग आम्ही ते गाणं पहिल्यापासून म्हटलं.